रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार कसे पारखले गेले

वर्ध्याहून रात्री मुंबईकडे निघणाऱ्या सेवाग्राम एक्सप्रेसमध्ये परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी कुटुंबे नेहमी भेटतात. तपासण्यांचे कागद पिशवीत जपून ठेवलेले, मांडीवर तोंडाला फडके बांधलेले मूल. त्याच सुमारास आर्वी, देवळी किंवा हिंगणघाट तालुक्यातील कुठल्यातरी शाळेच्या हजेरीपटावर एका नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सलग पडत असतात. गुरुजींनी चौकशी केली तर घरचे सांगतात, "रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात बरा होतो, पण दोन-अडीच वर्षे औषध घ्यावे लागेल." ऐकणाऱ्याचा यातील पहिल्या वाक्यावर लगेच विश्वास बसतो, दुसऱ्यावर बसत नाही.

पण दुसरे वाक्यही खरे आहे. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग आज बहुसंख्य मुलांत बरा होऊ शकतो. ही गोष्ट एखाद्या थोर शास्त्रज्ञाला एका रात्रीत सुचलेली नाही, की एका औषधाच्या शोधातूनही निघालेली नाही. हजारो रुग्णांवर आधी ठरवून, काटेकोर नोंदी ठेवून, एका उपचाराची दुसऱ्याशी तुलना करत ती पायरीपायरीने सिद्ध झाली आहे. या पारखण्याच्या पद्धतीला आज क्लिनिकल ट्रायल किंवा रुग्णांवरील चाचणी म्हणतात. तिचा इतिहास सांगताना दोन गोष्टींकडे आम्हाला विशेष लक्ष वेधायचे आहे. एक म्हणजे या इतिहासाचे काही महत्त्वाचे अध्याय आपल्या मुंबईत लिहिले गेले. दुसरी अशी की चाचणीत फक्त रुग्णालयापर्यंत पोहोचलेले रुग्ण मोजले जातात. जे पोहोचतच नाहीत त्यांचे काय, या प्रश्नासाठी पुन्हा वर्धा जिल्ह्यातच यावे लागते.

आधी रोगाविषयी थोडेसे. रक्ताचा कर्करोग हे एकाच रोगाचे नाव नव्हे; ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा असे त्याचे अनेक प्रकार आहेत. ल्युकेमिया हा शब्द जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४७ साली रूढ केला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'पांढरे रक्त' असा होतो. आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते आणि तेथे तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका तयार होतात. ल्युकेमियात अपरिपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढून ही सारी जागा व्यापतात. शेतात तण माजले की पिकाला जागा उरत नाही, तसाच हा प्रकार. तांबड्या पेशी कमी पडल्याने मूल फिकट दिसते, रक्तबिंबिका कमी झाल्याने नाकातून रक्त येते किंवा अंगावर लाल-निळे ठिपके उमटतात, आणि कामाच्या पांढऱ्या पेशी नसल्यामुळे ताप हटत नाही. मुलांतील नेहमीचा प्रकार म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. डॉक्टरांच्या बोलण्यात नुसते 'एएलएल'. १९४७ पर्यंत हे निदान झाले की मूल काही आठवड्यांचे, फार तर काही महिन्यांचे सोबती असे समजत.

या अंधारात पहिली फट पडली तिची सुरुवात मुंबईच्या गिरणगावात झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी होणारा तीव्र रक्तक्षय हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. परळच्या हाफकिन संस्थेत तिने बरेचसे काम केले. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी संख्येने थोड्या पण आकाराने मोठ्या होत्या. जंतू सापडेनात, तेव्हा विल्सने त्यांच्या आहाराकडे लक्ष वळवले. उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग करता करता यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे स्वस्त 'मार्माइट', दिल्याने रक्त सुधारते असे तिला दिसले. मग तोच अर्क स्त्रियांना दिला आणि गुण आला. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते हे तेव्हा कळले नव्हते, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे करण्यात आले आणि पानावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव पडले. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी मिळते तीत हेच असते.

याच १९३१ साली मेहेरबाई टाटा ब्रिटनमध्ये ल्युकेमियाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन करून ल्युकेमियावरील जागतिक संशोधनासाठी पैसा ठेवला, आणि त्याच वर्षी तेही गेले. टाटांच्याच दुसऱ्या न्यासाने बांधलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला उघडले. हाफकिन संस्थेपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

फॉलिक आम्लाचा ल्युकेमियाशी संबंध जोडला तो बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी. फॉलिक आम्ल दिले की अस्थिमज्जा जोमाने पेशी तयार करते. तर मग ल्युकेमियात द्यावे का? त्यांनी देऊन पाहिले, तेव्हा काही मुलांत रोग उलट भडकल्यासारखा वाटला. फार्बर यांनी त्यावरून उलटा विचार केला. या पेशींना फॉलिक आम्ल हवे असेल, तर त्याच्यासारखे दिसणारे पण काम न करणारे द्रव्य देऊन त्यांना फसवता येईल. कुलपात चुकीची किल्ली अडकवून ठेवावी, तसे. अशी द्रव्ये लेडर्ली कंपनीत तयार होत होती आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या गटाने दिलेले अमिनोप्टेरिन फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस वापरले. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांना निश्चित उतार पडला होता. उतार तात्पुरता होता, काही महिन्यांत आजार उलटे. तरीही ल्युकेमिया औषधाने मागे हटू शकतो हे प्रथमच दिसले. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. आपल्या कामातून पुढे काय उभे राहिले हे त्यांना पाहता आले नाही.

येथून पुढचा प्रश्न औषध शोधण्यापेक्षाही अवघड होता. उतार पडला तो औषधाने की आपोआप? दोन औषधांतले चांगले कोणते? डॉक्टरच्या अनुभवावर सोडावे, तर प्रत्येकाला आपलाच रुग्ण आणि आपलेच औषध आठवते. बऱ्या अवस्थेतील मुलांना नवे औषध आणि अत्यवस्थ मुलांना जुने, अशी नकळत निवड झाली तर नवे औषध उगाचच चांगले ठरेल. यावर तोडगा असा की निवड कोणाच्याच हाती ठेवायची नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रुग्णांची दोन गटांत वाटणी करायची. ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन असे पारखून १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. कर्करोगात ही पद्धत प्रथम वापरणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील एमिल फ्राय, जेम्स हॉलंड आणि त्यांचे सहकारी होते. तीव्र ल्युकेमियाच्या ६५ रुग्णांवर दोन औषधे रोज द्यावीत की मधूनमधून, याची तुलना करून त्यांनी १९५८ मध्ये निष्कर्ष मांडले. एकेका रुग्णालयात पुरेसे रुग्ण मिळत नाहीत म्हणून अनेक रुग्णालयांनी एकच लिखित आराखडा पाळायचा, ही आज सर्वत्र रुळलेली रीतही याच काळात पडली. या लिखित आराखड्यालाच 'प्रोटोकॉल' म्हणतात. कोणत्या दिवशी कोणते औषध, शरीराच्या पृष्ठफळानुसार किती मात्रा, पेशी अमुक संख्येखाली गेल्या तर काय करायचे, हे सारे त्यात आधीच लिहिलेले असते.

यानंतरची एक चाचणी गणिताच्या शिक्षकांनी वर्गात सांगण्यासारखी आहे. एमिल फ्रायरिख आणि त्यांचे सहकारी यांनी ती १९६३ साली प्रसिद्ध केली. स्टेरॉइडने उतार पडलेल्या, वीस वर्षांखालील रुग्णांना नंतर ६-मर्कॅप्टोप्युरिन (थोडक्यात ६-एमपी) हे औषध चालू ठेवले तर उतार जास्त टिकतो का, असा प्रश्न होता. रुग्णांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाला ६-एमपी आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय, हे दैवावर. मग जोडीतील कोणाचा आजार आधी उलटतो ते पाहायचे. औषध निरुपयोगी असेल तर हा छापा-काट्याचा खेळ आहे: सुमारे निम्म्या जोड्यांत औषधवाला पुढे असेल, निम्म्यांत साधी गोळीवाला. एकवीस जोड्या झाल्या तेव्हा १८ जोड्यांत औषधवाला पुढे होता, ३ जोड्यांत दुसरा. तेथेच चाचणी थांबवण्यात आली.

का थांबवली, हे मुलांना काढू द्यावे. नाणे २१ वेळा उडवले तर १८ किंवा अधिक वेळा छापा पडण्याचा संभव किती? एकूण शक्यता २ चा २१ वा घात, म्हणजे २०,९७,१५२. त्यांपैकी १८, १९, २० आणि २१ छाप्यांच्या शक्यता अनुक्रमे १३३०, २१०, २१ आणि १, बेरीज १५६२. म्हणजे असा योग सुमारे १३४० खेळांत एकदा येईल. इतक्या दुर्मिळ योगावर भिस्त ठेवण्यापेक्षा औषध काम करते असे मानणे शहाणपणाचे. सर्व जोड्या संपेपर्यंत वाट न पाहता प्रत्येक जोडीनंतर हिशोब करायचा आणि खात्री पटताच थांबायचे, अशी या चाचणीची रचनाच होती. आजारी मुलांना औषध नसलेली गोळी द्यावी का, हा प्रश्न अनेकांना बोचतो आणि तो बोचायलाच हवा. पण उतार पडल्यावर औषध चालू ठेवल्याने फायदा होतो की नुसतीच विषबाधा वाढते, हे त्या वेळी प्रामाणिकपणे कोणालाच माहीत नव्हते. उत्तर खरोखर माहीत नसणे, हीच अशा वाटणीची नैतिक अट आहे. उत्तर माहीत असताना चिठ्ठ्या टाकणे हा गुन्हा ठरेल.

एकेक औषध असे पारखून झाल्यावर त्यांची मोट बांधण्याचे काम सुरू झाले. त्यातले व्हिन्क्रिस्टिन आपल्या शाळेच्या कुंपणाशी फुलणाऱ्या सदाफुलीपासून मिळते. पाने मधुमेहावर उपयोगी म्हणून तपासायला घेतली होती. उंदरांची साखर काही कमी झाली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. वेगवेगळ्या मार्गांनी पेशी मारणारी चार-पाच औषधे एकत्र दिली तर रोगपेशींना निसटायला वाव राहत नाही, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. तरीही काही मुलांत रोग मेंदूच्या आवरणात दडून बसे, कारण तोंडावाटे किंवा शिरेतून दिलेली बरीच औषधे तेथे पोहोचत नाहीत. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूवर किरणोपचार आणि मणक्यातून औषध यांची जोड दिली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील सुमारे निम्मी मुले बरी होऊ लागली.

भारतात काय चालले होते? औषधे आली होती, डॉक्टरही निष्णात होते. तरीसुद्धा १९७० च्या दशकात आपल्या मोठ्या कर्करोग केंद्रांतसुद्धा शेकडा २० पेक्षा कमी मुले रोगमुक्त राहत होती. याचे एक कारण असे की प्रत्येक केंद्र, कधीकधी प्रत्येक डॉक्टर, आपापल्या पद्धतीने उपचार करी. त्यामुळे अपयशातूनसुद्धा काही शिकता येत नसे. हे चित्र बदलले ते एमसीपी-८४१ या आराखड्याने. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयन मॅग्राथ यांच्या सहकार्याने मुंबईचे टाटा रुग्णालय, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था या तीन केंद्रांनी १९८४ पासून एकाच पद्धतीने उपचार सुरू केले. मुंबईत सुरेश अडवाणी आणि चेन्नईत व्ही. शांता ही त्यातली प्रमुख नावे. अडवाणी स्वतः पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर असत आणि १९८३ साली टाटा रुग्णालयात त्यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सुरुवात केली होती.

एमसीपी-८४१ मध्ये चिठ्ठ्या टाकून वाटणी नव्हती. सर्वांना एकच उपचार, आणि तुलना आधीच्या काळाशी. काटेकोर शास्त्राच्या दृष्टीने हा पुरावा जरा कच्चा म्हणावा लागेल, कारण मधल्या काळात प्रतिजैविके, रक्तपेढ्या आणि परिचर्या यांतही सुधारणा झाली. पण आम्हाला या कामाचे मोल दुसऱ्याच गोष्टीत वाटते. पंचवीस वर्षांखालील प्रत्येक रुग्णाची सारखी नोंद, सारखी औषधे आणि सारखा पाठपुरावा अशी शिस्त त्यामुळे लागली. चार वर्षांनंतर रोगमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण केंद्रानुसार शेकडा ४५ ते ६० पर्यंत पोहोचले. १९९० ते १९९७ या काळातील १०४८ रुग्णांची माहिती २००५ साली प्रसिद्ध झाली.

त्या माहितीतली खरी शिकवण मरणाच्या कारणांत आहे. पाश्चात्त्य देशांत मूल दगावले तर बहुतेक वेळा आजार उलटल्यामुळे. आपल्याकडे त्याबरोबरच उपचार चालू असताना, रोग मागे हटलेला असताना होणारे मृत्यू पुष्कळ होते. औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात, त्याच वेळी जंतुसंसर्ग होतो, मूल आधीच कुपोषित असते, ताप रात्री येतो आणि प्रतिजैविक मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. म्हणजे उपचार जितका जहाल, तितके बॉस्टनमध्ये आयुष्य वाढेल. पण हिंगणघाटच्या खेड्यात परतलेल्या मुलाचे ते कमीही होऊ शकेल. परदेशी आराखडा जसाच्या तसा आणून भागत नाही आणि आपल्या मुलांवरचा उपचार आपल्या मुलांमध्येच पारखावा लागतो, असे जे म्हणतात त्यामागे राष्ट्राभिमान नसून हा हिशोब आहे.

त्या हिशोबाचे पुढचे पान म्हणजे 'आयसीआयसीएल' या भारतीय गटाची चाचणी. कोलकाता, मुंबई, दिल्ली, चंडीगड, चेन्नई येथील केंद्रे तीत सहभागी झाली आणि २०१६ पासून रुग्ण घेणे सुरू झाले. बालकांतील एएलएलसाठी अनेक भारतीय केंद्रांनी मिळून, चिठ्ठ्या टाकून वाटणी करत केलेली ही आपली पहिली चाचणी. तिच्या प्रश्नांपैकी एक असा: सौम्य प्रकारच्या रोगात सुरुवातीचे स्टेरॉइड पाच आठवड्यांऐवजी तीनच आठवडे दिले तर विषारी परिणाम कमी होतील का? श्रीमंत देशांनी बहुधा 'आणखी काय वाढवता येईल' असे विचारले. आपल्या डॉक्टरांना 'काय कमी करून चालेल' हेही विचारावे लागले.

चाचणीत मुलाला घ्यायचे तर आईवडिलांची लेखी संमती लागते, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे सात वर्षांवरील मुलाचे स्वतःचे तोंडी आणि बारा वर्षांवरील मुलाचे लेखी अनुमोदनही घ्यावे लागते. तिसरीतल्या मुलालाही समजेल असे सांगितले पाहिजे, हा त्याचा अर्थ. अशा पत्रकांतील मराठी मात्र पुष्कळदा इतकी संस्कृतप्रचुर असते की ती शिक्षकालाही दोनदा वाचावी लागते. 'यादृच्छिकीकरण' असे छापण्यापेक्षा 'चिठ्ठ्या टाकून ठरवू' म्हटले तर काय बिघडेल? २००७ साली भारतात चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि २००९ पासून प्रत्येक चाचणी आधी तिथे नोंदवणे सक्तीचे झाले. त्यामुळे फसलेली चाचणी गुपचूप बासनात बांधून ठेवणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

मोठ्या माणसांतील रक्ताच्या कर्करोगांत झालेली प्रगती येथे धावतीच सांगतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरची इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत २००१ मध्ये मान्य झाली आणि एका जीवघेण्या आजाराचे रूपांतर रोज गोळी घेऊन सांभाळण्याजोग्या आजारात झाले. तिच्या नव्या रूपावर पेटंट देण्यास आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नकार दिला, म्हणून भारतीय बनावटीची स्वस्त गोळी रुग्णांच्या हाती राहिली. दुसरी घटना अगदी अलीकडची. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, रोगपेशी ओळखायला शिकवून परत सोडायच्या, असा एक उपचार पवईची आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांनी मिळून विकसित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. चाचणी ६४ रुग्णांची होती. इतर उपचार हरलेल्या या रुग्णांपैकी तपासता आलेल्यांत शेकडा ७३ जणांना गुण आला. परदेशातल्या अशाच उपचाराच्या मानाने खर्च पुष्कळ कमी असला तरी तो लाखांतच मोजावा लागतो.

आता पुन्हा वर्ध्याकडे वळू. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका रुग्णालयात १०० मुले दाखल झाली. त्यांतील २० मुलांना आईवडील अर्ध्यातूनच घरी घेऊन गेले. उरलेल्या ८० पैकी ४८ बरी झाली. यश किती? अर्धवट सोडून गेलेल्यांना हिशोबातून वगळले तर शेकडा ६०. धरले तर शेकडा ४८. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची ती उत्तरे आहेत. आणखी पुढे जाऊ. त्याच प्रदेशात २५ मुलांचे निदानच झाले नाही. हिवताप, टायफॉईड म्हणून उपचार होत राहिले, किंवा विदर्भात ठाऊक असलेल्या सिकलसेलमुळे अंग फिकट आणि हाडे दुखतात असे समजून पुढे तपासणी झाली नाही. मग १२५ पैकी ४८, म्हणजे शेकडा ३८ च. हा शेवटचा आकडा कोणतेही रुग्णालय आणि कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. त्यासाठी रुग्णालयाबाहेर पडून सबंध जिल्हा मोजावा लागतो.

हे मोजण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईत भारतीय कर्करोग सोसायटीने १९६३ साली कर्करोग नोंदवही सुरू केली. खेड्यांसाठी तशी पहिली नोंदवही १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला निघाली. शहरातला रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येतो, खेड्यातला येतोच असे नाही. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन विचारपूस करण्याची पद्धत बसवली. वर्धा जिल्ह्याची नोंदवही २०१० पासून सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ठेवली जाऊ लागली. डॉ. सुशीला नायर यांनी गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, कस्तुरबा रुग्णालयाला जोडून काढलेले हे महाविद्यालय. जिल्ह्यात निदान एक वर्ष राहणाऱ्या प्रत्येक कर्करोग रुग्णाची, मग तो उपचाराला नागपूरला जावो की मुंबईला, अशा नोंदवहीत एकदाच नोंद व्हावी लागते. नाव दोनदा येऊ नये म्हणून गाव, वय, वडिलांचे नाव ताडून पाहायचे, मृत्यूच्या दाखल्यांशी मेळ घालायचा. हे काम कंटाळवाणे असते आणि त्याची बातमी कधी होत नाही. ज्याला भागायचे तो खालचा आकडा, म्हणजे अपूर्णांकाचा छेद, या कामातून मिळतो. अंश कितीही चकचकीत असला तरी छेद ठाऊक नसेल तर अपूर्णांकाला अर्थ नाही, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

उपचार अर्ध्यातून सुटतो तो बहुधा पैशापायी आणि अंतरापायी. सेवाग्रामला डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या दशकात आसपासच्या गावांत एक योजना राबवली होती. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि अचानक आलेल्या आजारात रुग्णालयात मोफत उपचार घ्यायचे. ज्वारीच्या पायलीत दोन-अडीच वर्षांचा कर्करोग बसत नाही हे उघड आहे. त्यासाठी राज्यभर २०१३ मध्ये लागू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेसारखी मोठी व्यवस्था लागते. टाटा रुग्णालयाच्या बालविभागानेही राहण्याची सोय, पैशाची मदत आणि न आलेल्या कुटुंबाला फोन करून बोलावणे यावर माणसे नेमली, तेव्हा उपचार सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण चांगलेच खाली आले. वैदर्भीय कुटुंबांना मुंबईत आधार वाटतो तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा. आपल्याच मुलखातल्या संताच्या नावाने चालणाऱ्या या जागेत खाटेवरून खाटेवर औषधाइतकीच माहितीही पसरत असते.

उपचाराचा पहिला, रुग्णालयातला भाग काही महिन्यांत संपतो. नंतरचे दीड-दोन वर्षांचे औषध मूल घरी राहून घेते: रोज ६-एमपीची गोळी, म्हणजे १९६३ च्या त्या जोड्यांमधलीच, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, म्हणजे अमिनोप्टेरिनचे सख्खे भावंड. डॉक्टरांची परवानगी मिळाली की या काळात मूल शाळेत येऊ शकते. हा आजार संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने तो कोणालाही होत नाही. धोका उलट दिशेने आहे. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर या मुलाच्या घरी त्याच दिवशी कळवावे, कारण संपर्कानंतर लवकर उपाय केला तर फायदा होतो. शाळेत लसीकरण असेल तेव्हा त्याला आपण होऊन रांगेत उभे करू नये. आधी त्याच्या डॉक्टरांना विचारावे, कारण जिवंत जंतूंच्या लसी या काळात देत नाहीत. आणि शाळेत असताना ताप आला तर गोळी देऊन बाकावर झोपवून ठेवू नये. फाईलच्या पहिल्या पानावर रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक असतो, तो वर्गशिक्षकांनी आपल्या वहीत उतरवून ठेवावा.